सातव्या इमारतीतली बारा छिद्रं

पोरगी चुकली असेल तर?

गेले नऊ दिवस लुआन शूयीच्या डोक्यात हा एकच भुंगा होता. भात शिजवताना तोच, बसमध्ये तोच, थंडीसाठी घेतलेल्या कोबीची पानं मिठात चोळतानाही तोच. मुलगी उपाशी राहील, गारठ्यात आजारी पडेल, बांधकामावर पाय घसरेल, या जुन्या काळज्या होत्याच. पण त्या घरातल्या खुर्च्यांसारख्या अंगवळणी पडल्या होत्या. ही नवी होती आणि टोचत होती. श्याओमानने डोळ्यांनी पुरतं न पाहता, भर बैठकीत, ठामपणे सांगून टाकलं होतं की सात नंबरच्या इमारतीत भिंती जोडणाऱ्या नळ्या वरच्या टोकाला रिकाम्या आहेत.

आणि सात नंबरची इमारत म्हणजे कोणाची? सगळ्या गल्लीची! तिएशी भागातली कामगारांची जुनी चाळवजा वसाहत पाडली तेव्हा चौऱ्याऐंशी कुटुंबांनी भांडीकुंडी उचलली आणि शेनयांग शहरात मिळेल तिथे भाड्याच्या खोल्यांत जाऊन बसली. दोन वर्षं झाली. सगळ्यांना सात नंबरमध्ये घरं मिळणार होती, वसंताच्या सणाआधी, म्हणजे नववर्षाच्या आत, चाव्या हातात पडणार होत्या. शूयी आणि तिचा नवरा लाओ तोंग यांचंही पाचव्या मजल्यावरचं घर त्यातच होतं, दक्षिणेकडे गॅलरी असलेलं. लोकांनी पडद्यांचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं. आणि त्या इमारतीवर बोट ठेवलं कोणी, तर लुआन बाईंच्या मुलीने.

तपासणी केंद्राच्या प्रमुखाने श्याओमानला सांगितलं होतं, "शनिवारी घरमालकांना काम दाखवायचा दिवस आहे. त्यांच्या देखतच होऊन जाऊ दे. बारा छिद्रं उघडायची. सहा कंत्राटदार दाखवेल तिथे, सहा तू दाखवशील तिथे. बाराही भरलेली निघाली, तर तपासनिसाचं ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवायचं आणि घरी जायचं."

"ठेवीन," ती म्हणाली होती. एवढंच! घरी येऊन ही गोष्ट तिने मुळ्याचं लोणचं मागावं तितक्या सहजपणे सांगितली, आणि शूयीच्या हातातला चमचा खाली पडला.

श्याओमानचं सगळं आयुष्यच आत डोकावण्यात गेलं होतं. तिचा जन्म मे महिन्यातला. गव्हाचे दाणे भरू लागतात पण पुरते भरलेले नसतात, त्या दिवसांना जे नाव आहे तेच तिचं नाव ठेवलं. दोन वर्षांची असताना तिने थर्मासच्या बाटलीत डोळा घातला आणि भुवई भाजून घेतली. चार वर्षांची असताना कलिंगडवाल्याची सगळी कलिंगडं टिचक्या मारून ऐकली आणि एकावर हात ठेवून म्हणाली, "हे खोटारडं आहे." कापलं तर आतून खरंच पांढरंफटक. कलिंगडवाला हसला, पण पुढच्या वेळी त्याने शूयीला लांबूनच पाहून गाडी दुसऱ्या कोपऱ्यावर नेली.

बाप लेथवर काम करणारा. लाओ तोंगची एक जुनी खोड होती: लांब दांड्याचा पेचकस यंत्राला लावायचा, मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग कसं फिरतंय ते ऐकायचं. सुट्टीच्या दिवशी तो पोरीला कारखान्यात नेई आणि पेचकस तिच्या कानाला लावी. "काय म्हणतंय?" तो विचारी. "खाकरतंय," ती म्हणे. बापलेक दोघेही खूश! रसायनशास्त्र शिकवणारी शूयी मात्र प्रत्येक वेळी बजावे, "कान फसवतो. आधी बघ, मग बोल." 

पुढे तिने बांधकामाचं शिक्षण घेतलं. पहिली तीन वर्षं प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालून फोडण्यात गेली. त्यात तिचा जीव रमेना. "फोडून काय, कोणीही सांगेल," ती म्हणायची. मग कारखान्यात ओतलेल्या भिंती ट्रकमधून आणून उभारायच्या इमारती शहरात भराभर वाढू लागल्या, आणि श्याओमानला तिचं काम सापडलं. 

त्या इमारतींची गंमत अशी. खालच्या मजल्याच्या भिंतीतून सळया वर आलेल्या असतात. वरची भिंत क्रेनने उचलून अशी अलगद उतरवायची, की प्रत्येक सळई त्या भिंतीच्या पोटात बसवलेल्या लोखंडी नळीत नेमकी शिरावी. मग भिंतीखालची फट बाजूंनी लिंपून बंद करायची आणि नळीच्या खालच्या भोकातून पंपाने ग्राऊट, म्हणजे सिमेंटची पातळ लापशी, चढवायचं. वरच्या भोकातून ग्राऊटची धार आली की रबरी बूच ठोकायचं. झालं. दोन भिंती जन्माच्या जोडल्या गेल्या. पण नळी खरंच भरली का? भिंत फोडल्याशिवाय कसं कळणार? हा प्रश्न लोकांना त्रास देई, श्याओमानला आनंद देई. ती गुडघे टेकून, भिंतीला गाल लावून, वरच्या भोकातलं घट्ट झालेलं ग्राऊट बारीक ड्रिलने कोरायची, आणि मुगाच्या दाण्याएवढा कॅमेरा नळीच्या पोटात सोडायची. शूयीने तिला जुन्या गोधडीचे गुडघ्याला बांधायचे जाड तुकडे शिवून दिले होते. वर्षात चार जोड्या झिजल्या.

"लोकांच्या मुली काहीतरी वर बघून करतात," शूयी म्हणे, "ही सदा गुडघ्यावर!"

"आई, वर बघून काहीच दिसत नाही गं. इमारत सगळी खालून धरलेली असते."

पण सात नंबरच्या इमारतीत तिने कॅमेरा घातलाच नव्हता. तिने नुसत्या चित्रफिती पाहिल्या होत्या.

प्रत्येक भिंतीत ग्राऊट भरताना चित्रण करायचा नियम आहे. भिंतीचा क्रमांक, तारीख आणि भरणाऱ्याचं नाव लिहिलेली पाटी हातात धरून एकजण उभा राहतो, दुसरा मोबाइलवर टिपतो. श्याओमान आठवडाभर जेवताना त्याच फिती बघत बसली होती. लाओ तोंगला वाटलं, पोरगी एखाद्या मालिकेच्या नादी लागलीय. त्याने मागून डोकावून पाहिलं तर पडद्यावर एक माणूस भिंतीला बूच ठोकत होता.

"याची बायको कुठे पळाली?" त्याने विचारलं.

"बाबा, शेवट बघा ना. प्रत्येक फीत इथेच संपते. शेवटचं बूच, अंगठा वर, खलास."

"मग?"

"कागदावर लिहिलंय, शेवटचं बूच मारल्यावर एक मिनिट पंपाचा दाब तसाच धरून ठेवला. फितीत ते मिनिट नाही. दोनशे अकरा फिती पाहिल्या. एकातही नाही!"

"मोबाइलमध्ये जागा नसेल उरली."

"असेलही. पण त्या मिनिटभरात पंप चालू असतो की बंद, हे मला कोण सांगणार? दाब धरला नाही आणि खालचं लिंपण कुठे झिरपत असेल, तर आतली पातळी गळक्या कपातल्या चहासारखी खाली जाते. बाहेरून बूच तसंच दिसतं."

एवढ्यावर ती बैठकीत उभी राहिली होती. एका न दिसलेल्या मिनिटावर!

शनिवारी सकाळी वारा असा सुटला होता की बसथांब्यावर लोक एकमेकांच्या पाठीआड उभे होते. शूयीला घासभर खाववलं नाही. लाओ तोंगने मात्र सारण भरलेल्या दोन वाफाळत्या पावांचा फडशा पाडला आणि खिशात सूर्यफुलाच्या बिया भरून घेतल्या.

"तमाशाला चाललास का?" शूयी भडकली.

"बारा छिद्रं आहेत. वेळ लागणार," तो म्हणाला.

इमारतीच्या दाराशी लाल शिरस्त्राणं वाटत होते. सगळी गल्ली आली होती. कोणी टेप आणली होती पलंग मावतो का ते मोजायला. सर्वांत पुढे तियान ताई, जुन्या वसाहतीत शूयीच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहणारी. आवाज असा की पूर्वी तिने वर हाक मारली की खालच्या मजल्यावर जेवण वाढलं जाई.

"या, या, लुआन बाई!" ती म्हणाली. "तुमच्या लेकीला आमच्या घरात भुतं दिसतात म्हणे!"

"तिला तपासायला पाठवलंय, ताई. तिचं कामच आहे."

"काम! माझा लेक चार नंबरच्या इमारतीत राहतो, मे महिन्यापासून. हीच माणसं, हाच पंप. भिंत हलली का कधी? माझा नातू त्या भिंतीला पाय लावून झोपतो. चार महिन्यांचा आहे, पण त्याला अक्कल आहे!"

लोक हसले. शूयीही हसली.

तिसऱ्या मजल्यावर कंत्राटदाराच्या व्यवस्थापकाने, मियाओ नावाच्या गोऱ्यागोमट्या गृहस्थाने, भलामोठा टीव्ही आणून ठेवला होता. श्याओमानचा कॅमेरा त्याला जोडायचा, म्हणजे सगळ्यांना दिसेल. इतकी खात्री होती त्याला! शेजारी ग्राऊट भरणाऱ्या टोळीचा मुकादम झुओ मिस्त्री हाताची घडी घालून उभा होता. पन्नाशीचा, मान आखूड, बोटं सिमेंटने खाल्लेली. आयुष्यभर बोगद्यांच्या भिंतींत ग्राऊट भरलेला माणूस.

"तोंग इंजिनियरबाई," तो श्याओमानला म्हणाला, "नाव तुमचं अर्ध्या भरलेल्या दाण्याचं, आणि आमच्या नळ्या मात्र काठोकाठ हव्यात! हा कुठला न्याय?"

"माझ्यावर कोणी सात मजले उभे करत नाही, मिस्त्री," ती म्हणाली आणि गुडघे बांधायला बसली.

शूयीने लेकीला कामावर असताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. घरी ही मुलगी मोजे शोधताना अर्धं घर उलथं करायची. इथे तिचा हात ठेवील तिथे ठरत होता. ड्रिल सुरू झालं, बारीक करडी भुकटी गळू लागली. ती दर चार-पाच सेकंदांनी थांबे, भुकटी फुंकून टाके, कान देई. सळईला टोक लागता कामा नये. मग कॅमेऱ्याची काळी लवचीक नळी आत, आणि टीव्हीवर गोल, उजळ, करडं चित्र.

"भरलेली," श्याओमान मोठ्याने म्हणाली, तिच्या मदतनीस मुलीने लिहून घेतलं.

दुसरी. भरलेली. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी तेच घट्ट करडं, दगडासारखं. कंत्राटदाराने दाखवलेली सहाही छिद्रं भरलेली निघाली तेव्हा मियाओ साहेबांनी गरम पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून सावकाश एक घोट घेतला.

"टाळ्या!" तियान ताई ओरडली. "आता घरी जायचं का? मला कोबी वाळत घालायचाय!"

"अजून सहा आहेत, मावशी," श्याओमान उठता उठता म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण तिने डाव्या हाताने आपलीच उजवी करंगळी धरली होती. शूयीला तेवढं पुरे होतं. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी ती अशीच करंगळी धरून उभी राहायची. म्हणजे तिलाही भीती वाटतेय! शूयीला एकदम वाटलं, पुढे व्हावं, तिची पिशवी उचलावी आणि म्हणावं, चल, जाऊ दे सगळं, घरी चल.

श्याओमानने उत्तरेकडच्या जिन्याजवळची भिंत निवडली. तिथे वारा थेट लागत होता. "इथलं लिंपण वाऱ्याने लवकर सुकलं असणार. सुकलं की चिरतं," तिने कोणी न विचारता सांगितलं. टीव्ही ढकलत तिकडे नेला. लोक मागोमाग.

सातवं छिद्र. ड्रिल, फुंकर, ड्रिल. कॅमेरा आत.

करडं.

"भरलेली," ती म्हणाली.

आजूबाजूला कुजबुज वाढली. एकजण म्हणाला, पोरीला शिक्षा नको, वय लहान आहे. ते ऐकून तर शूयीच्या डोळ्यांत पाणीच आलं. झुओ मिस्त्री भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. तो टीव्हीकडे नाही, जमिनीकडे पाहत होता.

आठवं. ड्रिल फिरू लागलं, आणि लाओ तोंगने अचानक शूयीची बाही पकडली. बियांची टरफलं त्याच्या ओठाला तशीच चिकटलेली.

"ऐकलंस?"

"काय?"

"आवाज बदलला! ऐक! टोक हवेत गेलं!"

ड्रिल थांबलं होतं. श्याओमानने मान वळवून बापाकडे पाहिलं, नुसतं क्षणभर. तिनेही तेच ऐकलं होतं. मग कॅमेऱ्याची नळी घेतली आणि आत सारली, एक बोट, दोन बोटं. नळी अडेना! टीव्हीचा पडदा काळा झाला. काळाच राहिला. मग कॅमेऱ्याच्या दिव्याखाली हळूहळू एक सळई दिसू लागली, तिच्या अंगावरच्या सगळ्या वळ्या उघड्या, स्वच्छ, चकचकीत, जणू आत्ताच गिरणीतून आणलीय. तिला ग्राऊटचा स्पर्शही नव्हता.

"खाली दाखव," झुओ मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येईना.

कॅमेरा खाली वळला. चार बोटं खोल, करडा सपाट पृष्ठभाग. भरून मग खाली उतरल्याच्या खुणा नळीच्या भिंतीवर ओघळासारख्या सुकलेल्या.

सगळे एकदम बोलू लागले! कोणी म्हणे हे चित्र जुनं आहे, कोणी म्हणे पुन्हा दाखवा, एक म्हातारा नळीत स्वतः डोळा घालायला पुढे सरसावला आणि त्याचं शिरस्त्राण भिंतीवर आपटलं. शूयी ओरडत होती. आपण काय ओरडतोय हे तिलाच ठाऊक नव्हतं. नंतर लाओ तोंगने सांगितलं की ती "माझी मुलगी आहे! माझी मुलगी!" असं ओरडत होती, जसं काही कोणाला माहीतच नव्हतं.

नववं रिकामं. दहावं रिकामं. मियाओ साहेब मध्ये पडले, "आजच्यापुरतं पुरे. वीज तोडावी लागेल."

"वीज राहू दे," झुओ मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, तुम्ही गप्प बसा."

"गेली तीन वर्षं गप्पच आहे, साहेब. उघड गं पोरी, पुढचं उघड."

अकरावं रिकामं. बारावंही. ग्राऊट भरताना त्या भिंतीखालच्या फटीचे दोन कप्पे केलेले होते. पहिल्या कप्प्यातली नळी भरलेली, दुसऱ्यातल्या पाचही उतरलेल्या. झुओ मिस्त्रीने टोपी काढली आणि श्याओमानसमोर उकिडवा बसला.

"दाब धरायचो आम्ही," तो म्हणाला. "बोगद्यात मिनिटभर काय, पाच मिनिटं धरायचो. इथे आल्यावर तो चित्रणवाला पोऱ्या शेवटच्या बुचाला मोबाइल खाली करायचा आणि म्हणायचा, झालं, चला पुढे. पाटीवाला पाटी पुसायला घ्यायचा. मग मीही पंपाची तोटी काढायचो. मोबाइल खाली गेला की काम संपलं, असं हातालाच वाटायला लागलं. त्याने वर धरला असता ना, तर मी संध्याकाळपर्यंत दाब धरून उभा राहिलो असतो."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. ते मिनिट कोणी चोरलं नव्हतं. ते बघायला कोणी नव्हतं, म्हणून ते उरलंच नाही.

"भरता येईल," श्याओमान म्हणाली. "त्याच छिद्रातून बारीक नळी घालून, तळापासून वर. हवा निघायला जागा ठेवायची. पारा पाचाच्या खाली गेला की ग्राऊट धरत नाही, त्याआधी केलं तर."

"किती दिवस आहेत?"

"अठरा. फार तर वीस. नंतर सगळे मजले पुन्हा तपासायचे, त्याआधी चाव्या नाहीत."

"माझी टोळी उद्यापासून इथेच," मिस्त्री म्हणाला. "आणि मोबाइल मी स्वतः धरून बसणार."

जिन्यावरून उतरताना तियान ताईने शूयीला गाठलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि म्हणूनच आवाज आणखी चढला होता. "सणाआधी चाव्या नाहीत, हेच ना? सूनबाईला मी सांगितलं होतं, या वर्षी सण आपल्या घरात! तुझ्या लेकीने आमचा सण खाल्ला, लुआन बाई. गिळला!" आणि तिथेच उभ्या उभ्या तिने शूयीला गल्लीच्या मोबाइल गटातून काढून टाकलं. बोटाने, सगळ्यांदेखत.

दुपारी तिघं कोपऱ्यावरच्या दुकानात भाजलेले कोंबडीचे सापळे खायला गेली. शेनयांगमध्ये आनंद झाला की हेच खातात आणि दुःख झालं तरी हेच. श्याओमानच्या केसांत करडी भुकटी होती, नखं काळी होती, आणि ती दोन्ही हातांनी हाडं सोलत अखंड बोलत होती. ती बारीक नळी कशी तळाला टेकवायची, हवेची वाट कशी ठेवायची, एका दिवसात किती भिंती होतील. चॉपस्टिक हे तिचं ड्रिल होतं, बियरचा पेला ही नळी. लाओ तोंग मध्येच तिला थांबवून तोच प्रसंग पुन्हा सांगायचा: "आठवं छिद्र! मी म्हटलं, टोक हवेत गेलं! कोणी आधी ऐकलं? मी!"

"आपण दोघांनी, बाबा."

"अर्ध्या सेकंदाने मी आधी."

शूयी बघत राहिली. नऊ दिवसांचा भुंगा गेला होता. त्या जागी काहीतरी हलकं, फुग्यासारखं भरलं होतं. तरी न राहवून तिने विचारलंच, "आणि चुकली असतीस तर?"

श्याओमानने हाड खाली ठेवलं. "तर बरंच झालं असतं की, आई. चौऱ्याऐंशी घरांना चाव्या मिळाल्या असत्या. मी पुन्हा ठोकळे फोडले असते." तिने खांदे उडवले. "सातवं भरलेलं निघालं ना, तेव्हा मला क्षणभर खरंच तसं वाटलं."

शूयीने कोंबडीची मान लेकीच्या ताटलीत वाढली. मग सकाळपासून कुठेतरी अडकून बसलेला दुसराच एक प्रश्न वर आला.

"चार नंबरची इमारत कोणी भरली?"

श्याओमानने बियरचा पेला बाजूला सरकवला. बापाने बिया चघळणं थांबवलं.

"झुओ मिस्त्रींनीच," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर. चित्रणवालाही तोच."

"मग?"

"मग काही नाही. ती राहती इमारत आहे, आमच्याकडे तिचं काम नाही. तिथल्या एखाद्या घरमालकाने लेखी मागणी केली तरच कोणीतरी तिथे बूच उघडू शकतो. आणि मी त्यांच्याकडे जाऊन 'मागणी करा' म्हणू शकत नाही. तपासणाऱ्याने स्वतःला काम शोधत हिंडायचं नसतं, नियमच आहे. केंद्राच्या प्रमुखांना आज सांगितलं. ते म्हणाले, बघू."

"पडेल का?"

"नाही गं. उद्या नाही, परवाही नाही. उभीच राहील. पण कधी भूकंपाचा मोठा हादरा बसला, तर त्या नळ्यांनी जे धरायला हवं ते त्या धरणार नाहीत. तीस वर्षांनी बसेल, पुढच्या महिन्यात बसेल." तिने ओठ पुसले. "कदाचित सगळ्या भरलेल्याही असतील. मला माहीत नाही. बघायला हवं, एवढंच माहीत आहे."

चार महिन्यांचं बाळ भिंतीला पाय लावून झोपतं. शूयीच्या डोळ्यांसमोर ते पाय आले, लोकरीच्या मोज्यांतले. ते मोजे तिनेच विणून दिले होते, पिवळे, कडेला हिरवी रेघ.

लेकीवर नियम होता. आईवर कुठला नियम?

घरी आल्यावर श्याओमान बूट न काढताच सोफ्यावर आडवी झाली आणि झोपली. लाओ तोंग तिचे गुडघ्याचे तुकडे झटकायला बाहेर गेला. शूयी गॅलरीत आली. कठड्यावर कोबीचे गड्डे ओळीने वाळत पडले होते, ऊन अजून होतं. तिने फोन काढला. गटात तिला जागा उरली नव्हती, पण तियान ताईचा नंबर तिला पाठ होता. वीस वर्षं तो पाण्याच्या टाकीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळ्यासाठी फिरवलेला.

काय बोलायचं, ते तिने मनात जुळवून पाहिलं. सणाबद्दल माफी मागायची नाही. त्यात माफी मागण्यासारखं काही नव्हतं. मुलीची बाजू मांडायची नाही. फक्त म्हणायचं, ताई, तुझ्या लेकाला सांग, केंद्राला एक अर्ज लिही. मजकूर मी सांगते, अक्षर त्याचं. ती शिव्या देईल. देऊ दे. फोन आपटेल. आपटू दे, पुन्हा लावायचा. दहा वेळा आपटला तर बस पकडून चार नंबरला जायचं, दार वाजवायचं आणि सुनेच्या हातातल्या बाळासमोर बोलायचं.

तिने चष्मा नाकावर नीट केला, आकडे एकेक करून दाबले आणि फोन कानाला लावला.